गाडी धावते आहे, गिअरबॉक्सच्या लेखी उभी आहे

तक्रार अशी होती: गाडी थंड असताना काहीच होत नाही. अर्धा-पाऊण तास मोठ्या रस्त्यावर चालवली की वेगाचा काटा क्षणभर शून्यावर आपटतो, गिअरबॉक्स जोरात हिसका देतो आणि मग गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते. इंजिन ओरडतं, पण वेग चढत नाही. गाडी बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की सगळं पूर्ववत. सहा गिअरची ऑटोमॅटिक, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी. एके ठिकाणी आउटपुट स्पीड सेन्सर (गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचे फेरे मोजणारा) नवा बसवून झालेला, दुसरीकडे गिअरबॉक्स खोलायचा सल्ला मिळालेला.

या गाडीची तपासणी ज्या क्रमाने झाली त्याच क्रमाने इथे मांडतो आहोत. हा दोष ब्रेकच्या दोषाइतकाच गंभीर आहे, आणि तरीही त्यावर बहुतेक वेळा एकच उपाय केला जातो: कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव आलं तो बदलून टाका. कोड सेन्सरला दोषी ठरवत नाही. सिग्नल कुठल्या वाटेवर हरवला, एवढंच तो सांगतो. त्या वाटेवर सेन्सर आहे, तारा आहेत, कनेक्टरच्या पिना आहेत, सेन्सर जिचे दाते मोजतो ती दातेरी रिंग आहे आणि दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरही आहे.

स्कॅनर लावण्याआधी बॅटरी मोजायची. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १४.१, म्हणजे ठीक. ही पायरी गाळू नये, कारण व्होल्टेज खाली गेलं की सगळे कॉम्प्युटर एकमेकांवर आळ घेतात आणि दहा कोड एकदम दिसतात. मग कोड वाचायचे. इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये पी०७०० होता. त्याचा अर्थ ‘गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचं आहे’ इतकाच. साधे स्कॅनर इथेच थांबतात आणि गोंधळ सुरू होतो. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे टीसीएममध्ये, शिरल्यावर खरा कोड मिळाला: पी०७२२, आउटपुट स्पीड सेन्सरचा सिग्नल नाही. कोड पुसायच्या आधी त्याच्यासोबत साठवलेली त्या क्षणाची नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेम, लिहून घ्यायची. बॅटरीची तार काढली किंवा उत्साहात कोड पुसला, तर हा एकमेव साक्षीदार निघून जातो.

फ्रीझ फ्रेममध्ये हे आकडे होते: एबीएसकडून (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेकडून) आलेला वेग ताशी ७८ किलोमीटर, इंजिन मिनिटाला २,२३० फेरे, गिअरबॉक्सचा इनपुट, म्हणजे आत येणारा शाफ्ट, २,२०० फेरे, गिअर पाचवा, तेल ९४ अंश सेल्सिअस आणि आउटपुट शून्य. इथे कागद-पेन घ्यावं. ताशी ७८ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,३०० मीटर. टायरचा घेर साधारण २ मीटर, म्हणून चाक मिनिटाला ६५० वेळा फिरतं. मागच्या डिफरन्शिअलचं गुणोत्तर ३.९, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचे फेरे २,५३५. पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.८७, २,५३५ ला ०.८७ ने गुणलं की २,२०५. इनपुटचा नोंदलेला आकडा २,२००. हिशेब जुळला. याचा अर्थ गिअरबॉक्समध्ये काहीही घसरत नव्हतं, क्लच धरून होते, टॉर्क कन्व्हर्टरसुद्धा (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा जोड) लॉक होता, कारण इंजिन आणि इनपुटमध्ये फक्त ३० फेऱ्यांचा फरक होता. खोटा होता तो फक्त एक आकडा. गिअरबॉक्स खोलायचा सल्ला इथेच बाद झाला.

आता हा एक खोटा आकडा एवढा धोक्याचा का? टीसीएमला गाडी दिसत नाही, रस्ता दिसत नाही. आत किती फेरे, बाहेर किती फेरे, तेल किती तापलं, लिव्हर कुठे आहे आणि पेडल किती दाबलं, एवढ्यावर तो कुठला गिअर द्यायचा ते ठरवतो. बाहेरचे फेरे शून्य झाले की त्याच्या लेखी गाडी उभी आहे, आणि उभ्या गाडीला हवा असतो पहिला गिअर. या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४.१७. बाहेर २,५३५ फेरे असताना पहिला खरोखर पडला, तर इनपुट शाफ्टला १०,५०० हून जास्त फेरे घ्यावे लागतील. इंजिन तितकं फिरूच शकत नाही. मग एकतर क्लच जळत घसरतात, किंवा मागची चाकं हँडब्रेक ओढल्यासारखी धरली जातात. ओल्या रस्त्यावर, वळणात, मागची चाकं अशी धरली गेली की गाडीची शेपूट फिरायला एक क्षण पुरतो.

हे पुस्तकी भय नाही. उत्तर अमेरिकेत फोर्डने नेमक्या याच कारणासाठी, सहा गिअरच्या गिअरबॉक्समधल्या आउटपुट स्पीड सेन्सरचा सिग्नल तुटून गाडी अचानक पहिल्यात उतरू शकते म्हणून, २०१६ मध्ये सुमारे दोन लाख गाड्या परत बोलावल्या. त्यात २०११-१२ चे एफ-१५० पिकअप होते. २०१९ मध्ये २०११ ते २०१३ च्या जवळपास पंधरा लाख एफ-१५० ची भर पडली आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या २०१४ च्या आणखी साडेपाच लाखांची. उपाय होता सॉफ्टवेअर बदलण्याचा. सेन्सर गप्प झाला तर लगेच पहिल्यावर उडी मारू नये, ही समज कॉम्प्युटरला द्यावी लागली. म्हणून कुठलीही तपासणी सुरू करताना त्या मॉडेलसाठी असं बोलावणं निघालं आहे का आणि टीसीएमचं सॉफ्टवेअर ताजं आहे का, हे चॅसी नंबरवरून बघून घ्यावं. दहा मिनिटांचं काम आहे.

चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये आकड्यांची उलटतपासणी असते. आउटपुट एकदम शून्य झाला, पण एबीएस म्हणतं आहे ७८ आणि इनपुटही फिरतो आहे, तर टीसीएम आउटपुटवर अविश्वास दाखवतो आणि गाडीला लिंप मोडमध्ये टाकतो. एक ठरावीक मधला गिअर धरतो, तेलाचा दाब पूर्ण वाढवतो आणि कन्व्हर्टरचं लॉक सोडून देतो. आपल्या गाडीत हेच घडत होतं. हिसका यायचा तो वाढलेल्या दाबामुळे. लिंप मोड हा बचाव आहे, पण त्यालाही धार आहे. ओव्हरटेक करायला बाहेर काढलेली गाडी मध्येच ताकद हरवते, मागच्याला त्याचा अंदाज येत नाही. शिवाय लॉक सुटल्यामुळे कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळून तापतं, म्हणून त्या अवस्थेत घाट चढणं किंवा तासभर हाकणं गिअरबॉक्सला महागात पडतं.

चालवणाऱ्यासाठी एवढं सांगून ठेवतो. असा हिसका आला आणि चाकं धरल्यासारखी वाटली, तर स्टिअरिंग सरळ ठेवा, ब्रेकवर उडी मारू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि लिव्हर न्यूट्रलला ढकला. न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढ चाकांपर्यंत पोचत नाही. इंजिन मात्र बंद करायचं नाही. ते बंद झालं की पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचा बूस्टर दोन्हींची साथ सुटते. धोक्याचे दिवे लावून कडेला या. चावी बंद-चालू केल्यावर गाडी नीट चालली म्हणून दोष गेला असं समजू नका, फक्त कॉम्प्युटरने पाटी कोरी केलेली असते.

पुन्हा तपासणीकडे. आधी हा सेन्सर कुठल्या जातीचा आहे ते ओळखावं लागतं, कारण दोन जाती आहेत आणि दोघींची परीक्षा वेगळी. दोन तारांचा जुना चुंबकी सेन्सर स्वतःच वीज तयार करतो. दाता समोरून गेला की एक लहर. त्याचा रोध काही शे ते एक-दोन हजार ओम असतो आणि तो मल्टीमीटरने मोजता येतो. वेग कमी असला की त्याची लहर इतकी बारीक होते की दाता आणि सेन्सर यांतलं अंतर किंचित वाढलं, किंवा टोकावर लोखंडी चुरा साचला, तरी सिग्नल बुडतो. तीन तारांचा हॉल सेन्सर बाहेरून वीज घेतो आणि चौकोनी लाट देतो, वेग कमी असो की जास्त, उंची तीच. हॉल सेन्सरवर ओम मोजू नये. आकडा निरर्थक येतो आणि आतलं सर्किट बिघडू शकतं. दोन तारा दिसल्या म्हणजे चुंबकीच, असंही धरू नये. काही नव्या सेन्सरांत दोन तारांवरच साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर असा प्रवाह खाली-वर होतो. गाडीचा वायरिंग नकाशा बघितल्याशिवाय प्रोब, म्हणजे मीटरचं टोक, लावायचा नाही.

आपला सेन्सर तीन तारांचा हॉल, गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला बाहेरून बसवलेला. तो काढून टोक बघितलं. राखाडी पातळ लेप होता, बोटाने पुसला जाणारा. तो क्लचच्या नेहमीच्या झिजेचा असतो, त्याची काळजी नाही. बोटाला टोचणारे चकचकीत कण किंवा तुकडे दिसले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. तेव्हा सेन्सर निरपराध असतो आणि आतलं बेअरिंग किंवा गिअर संपत आलेला असतो. त्याच भोकातून टॉर्च मारून शाफ्ट हाताने फिरवला आणि रिंगचे दाते एकेक बघितले. तडा गेलेली रिंग स्कोपवर (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) लगेच चुगली करते, दर फेऱ्याला लाटेत एकाच जागी खिंडार पडतं. इथे रिंग शाबूत होती.

गाडी थंड असताना सेन्सर जोडून मागून बारीक पिनेने प्रोब लावले. वीज ४.९८ व्होल्ट. अर्थच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या, तारेवर ०.०२ व्होल्ट, उत्तम; ०.१ च्या वर गेलं की आम्ही तार शोधायला लागतो. सिग्नल ०.१ ते ४.९ मध्ये, काठ सरळ, चौकोन स्वच्छ. थंडीत सगळं निर्दोष. बहुतेक ठिकाणी तपासणी इथे संपते, ‘सगळं ओके आहे, मग सेन्सरच तापल्यावर जात असेल’ असं म्हणून नवा सेन्सर बसतो. तापल्यावर मरणारे सेन्सर असतात, नाही असं नाही. पण या गाडीत तो प्रयोग आधीच झालेला होता आणि फ्रीझ फ्रेम ९४ अंशाची होती. म्हणजे दोष उष्णतेत बघायला हवा होता.

प्रोब तसेच ठेवून, तारा एक्झॉस्टपासून आणि फिरत्या शाफ्टपासून लांब बांधून, स्कोप आत घेतला आणि दोघांनी गाडी बाहेर काढली. एकाने फक्त चालवायचं, दुसऱ्याने फक्त पडदा बघायचा. हे काम एकट्याने कधीच करू नये. तेल ८८ अंशाला पोचेपर्यंत लाट जशीच्या तशी. मग तिचा तळ उचलायला लागला. वरची कड ४.९ वरच, पण खालची कड ०.१ वरून ०.४, मग ०.९. खड्ड्यातून गेल्यावर १.५. टीसीएमला दोन दात्यांमधला ‘खाली’ ओळखायला सिग्नल एका मर्यादेखाली यावा लागतो. तळ त्या मर्यादेच्या वर राहिला की त्याच्यासाठी लाटच उरत नाही, सरळ रेघ उरते. सरळ रेघ म्हणजे शून्य वेग.

वरची कड जागेवर आणि तळ उचललेला, याचा अर्थ जवळजवळ एकच: सेन्सरच्या अर्थच्या वाटेत रोध वाढतो आहे. गाडी लिफ्टवर घेऊन गरम असतानाच अर्थच्या तारेवर मीटर लावला आणि वायरिंग हाताने हलवलं. कनेक्टरला बोट लागलं की मीटर ०.०३ वरून १.४ वर. कनेक्टर सोडून भिंगाखाली बघितला तेव्हा तीन मादी (दुसरी पिन आत घेणाऱ्या) पिनांपैकी अर्थची पिन बाकीच्या दोघींपेक्षा किंचित रुंद उघडलेली. नवी सुटी नर पिन त्यात घालून ओढून बघायची असते. चांगली पिन बाहेर येताना हलकी पकड देते. या पिनेतून ती नुसती घरंगळली. आधीच्या एखाद्या तपासणीत मीटरचं जाड टोक समोरून तिच्यात खुपसलं गेलेलं, एवढंच कारण पुरतं. थंड असताना धातू टेकून राहायचा. तापून प्लास्टिक सैल झालं, रस्त्याचा हादरा बसला, की सुटायचा. दोष शोधणाऱ्यानेच दोष तयार केला होता. म्हणूनच समोरून प्रोब घालू नये, मागून किंवा योग्य मापाच्या जोडपिनेनेच मोजावं, हे आम्ही इतक्या आग्रहाने सांगतो.

दुरुस्ती छोटी. त्याच जातीची नवी पिन, तिच्याच हत्याराने तारेवर क्रिम्प केलेली (दाबून पक्की केलेली). पिन चिमट्याने दाबून घट्ट करायचा मोह होतो, पण तिची स्प्रिंग एकदा गेली की परत येत नाही. कनेक्टरचं रबरी सील बदललं. वायरिंगची गायब झालेली क्लिप परत लावली, कारण मोकळं लोंबणारं वायरिंगच पिनेला हादरे पोचवतं. सेन्सर बसवताना नवा ओरिंग (गोल रबरी कडी) गिअरबॉक्सच्या तेलात बुडवून घातला, सीलंट अजिबात नाही. सेन्सर हाताने तळापर्यंत बसल्यावरच बोल्ट लावायचा. अशा सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन मीटर पुरतात, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. बोल्टने ओढून सेन्सर बसवला तर तो तिरका होतो आणि कान तुटतो. सेन्सर बदलायचीच वेळ आली तर पार्ट नंबर जुळवूनच घ्यावा. दिसायला हुबेहूब, पण वेगळ्या व्होल्टेजचा सेन्सर बसतो आणि खोटं बोलत राहतो.

कनेक्टरमध्ये तेल दिसलं तर आणखी पुढे जावं लागतं. तेल तारेच्या आतून, बारीक तांब्याच्या धाग्यांमधून, वातीसारखं चढत टीसीएमपर्यंत पोचतं. तेव्हा दुसऱ्या टोकाचा कनेक्टरही उघडून बघायचा. इथे तो कोरडा होता.

मग कोड पुसून, ज्या परिस्थितीत दोष येत होता त्याच परिस्थितीत चाचणी: तेल ९० अंशाच्या वर, चाळीस मिनिटं, खराब रस्त्याचा तुकडा मुद्दाम धरून. आउटपुट आणि एबीएसचा वेग एकाच आलेखावर नोंदवले. दोन्ही रेघा शेवटपर्यंत एकमेकींना चिकटून राहिल्या, लाटेचा तळ ०.१ वर.

याच आलेखामुळे एक गोष्ट सांगायला हवी. बऱ्याच नव्या गाड्यांत टीसीएम वेगासाठी एबीएसच्या चाकांवरच्या सेन्सरांवरही अवलंबून असतो. चाकाच्या बेअरिंगमधली रिंग गंजली की एबीएसचा दिवा लागतो आणि त्याच वेळी गिअर विचित्र पडायला लागतात. तेव्हा गिअरबॉक्सकडे धावू नये. कोड यू०१०१ असेल, म्हणजे टीसीएमशी संपर्कच तुटला असेल, तर आधी त्याची वीज, फ्यूज, अर्थ आणि कॅन लाइन (कॉम्प्युटरांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारा) बघावी. बॅटरी सोडून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये साधारण ६० ओम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकाचा जोड तुटलेला आहे. काही गाड्यांत मध्ये गेटवे (संदेश पुढे पाठवणारा मधला कॉम्प्युटर) असतो आणि तिथे हा आकडा वेगळा येतो.

तेलाच्या तापमानाचा सेन्सर थोडक्यात. तापमान वाढलं की त्याचा रोध घटतो. तार तुटली तर स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतात आणि कोड बहुधा पी०७१३ येतो. शॉर्ट झाली तर अशक्य वाटेल इतकं गरम दिसतं, पी०७१२. या दोन्ही टोकांपेक्षा फसवा असतो तो मधला दोष, जिथे सेन्सर खरं तापमान वीस-तीस अंशांनी कमी सांगतो. कॉम्प्युटर तेल थंड आहे असं धरून चालतो आणि खरोखर जळायला आलेल्या तेलाची सूचना कधीच येत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी तेल, शीतक आणि बाहेरची हवा यांचे आकडे दोन-चार अंशांच्या फरकात हवेत. त्यांची तुलना ही सर्वात सोपी परीक्षा.

गाडी सोडण्याआधी रेंज सेन्सर तपासला. लिव्हर पार्किंगला आहे, रिव्हर्सला की ड्राइव्हला, हे कॉम्प्युटरला सांगणारा हाच. तो बिघडला की पी०७०५ किंवा पी०७०६ येतो, रिव्हर्सचे दिवे लागत नाहीत, कधी गाडी चालूच होत नाही. सर्वात वाईट म्हणजे गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरतो आणि गाडी उडी मारते. स्कॅनरवर नजर ठेवून लिव्हर पी ते डी अगदी सावकाश सरकवला. मध्ये कुठेही अक्षर लुकलुकता कामा नये. मग चाकांना अडसर लावून, हँडब्रेक ओढून, पायाने ब्रेक घट्ट धरून, गाडीसमोर आणि मागे कोणी नाही याची खात्री करून रिव्हर्समध्ये आणि ड्राइव्हमध्ये चावी फिरवली. स्टार्टर दोन्ही वेळा गप्प राहिला, आणि पी व एनमध्ये लगेच फिरला.

शेवटी डॅशबोर्डवरचं अक्षर आणि गिअरबॉक्सवरची प्रत्यक्ष आर्म जुळते का, ते गाडीखाली जाऊन बघितलं. केबलच्या टोकाचं बुशिंग निघालेलं असेल तर लिव्हर पार्किंगला आणि गिअरबॉक्स मात्र रिव्हर्सला राहू शकतो, आणि काही गाड्यांत डॅशबोर्डवर लिव्हरचंच अक्षर दिसतं. या गाडीत दोन्ही जुळले. बुशिंगमध्ये थोडी ढिलाई होती, तेही बदललं, आणि मालकाला उतारावर आधी हँडब्रेक ओढायचा, मग ब्रेकवरचा पाय सोडायचा, हे चालवून दाखवलं.